दोन्हीकडचा भंडारा

"आधी तू उचल," मामा म्हणाले.

आत्ती चुलीपुढे भाकरी थापत होत्या. मामांनी बिरोबाच्या देवळातून आणलेली पितळी वाटी त्यांच्यापुढे धरली होती आणि वाटीत काठोकाठ भंडारा, देवाची हळद, होती. आत्तींनी वर बघितलं, पण परातीतला हात काही काढला नाही.

"हात पिठाचं हाईत," त्या म्हणाल्या.

"मग पूस की. घरातलंच मानूस मागं ऱ्हायलं तर गाव काय म्हनंल?"

आत्तींनी पदराला हात पुसले. एक हात पुसला, मग दुसरा, मग परत पहिला. भंडारा मुठीत घेतला आणि काहीतरी पुटपुटल्या. मामांना ते नीट ऐकू गेलं नाही म्हणून त्यांनी परत म्हणायला लावलं.

"बिरोबाच्या आनंनं, मत आपल्याच लोकांना," आत्ती म्हणाल्या आणि तव्यावरची भाकरी उलटायला वळल्या. ती एका बाजूनं करपली होती.

मी दारात उभी राहून हे बघत होते. मामा म्हणजे माझे सासरे, मायाप्पा. आत्ती म्हणजे सासूबाई. आणि ही सगळी खटपट चालली होती ती माझ्यासाठी, निदान मामांचं म्हणणं तसं होतं. मला मात्र त्या आठवड्यात इतका शीण आला होता की कोणी मला सोडून दुसऱ्या कशासाठीही भांडलं असतं तर मी त्याचे आभार मानले असते.

आमच्या गावच्या शाळेत चार वर्ग होते आणि सरकारनं दिलेले गुरुजी एकच. दुसरी जागा रिकामी होती आणि ती भरली जाईल असं साहेब लोक दर वर्षी सांगत. शेवटी गावानंच ग्रामसभेत ठरवलं की घरपट्टीबरोबर दर घरानं थोडी शाळापट्टी द्यायची आणि त्यातून एक बाई ठेवायची. गावात डी.एड. झालेली बाई मी एकटीच. लग्नानंतर मामांनीच मला शिकवलं होतं. भावकीनं नावं ठेवली तेव्हा "सून शिकली तर मला काय शिंगं फुटत्यात?" म्हणून त्यांनी सगळ्यांना गप्प केलं होतं. तर पहिली-दुसरीचे वर्ग माझ्याकडे आले आणि मला मानधन मिळायला लागलं. ते फार नव्हतं. पण त्या पैशांतून मी एकदा कुणालाही न विचारता चहापत्तीचा मोठा पुडा आणला होता, आणि तो आणताना मला जे वाटलं ते मी अजून विसरलेले नाही. शिवाय आधी मी मायाप्पाची सून होते, आता सगळं गाव मला बाई म्हणायला लागलं होतं.

मग त्या वर्षी पंचायतीनं घरं नव्यानं मोजली. ज्यांनी पत्रे काढून स्लॅब टाकला होता त्यांची घरपट्टी एकदम वाढली आणि तिच्याबरोबर शाळापट्टीही वाढली. सगळ्यात मोठा स्लॅब बयाजी तात्यांचा होता. तात्या वाईट माणूस नव्हते. त्यांचं म्हणणं ऐकलं की मलाही ते थोडं पटायचं, हीच तर पंचाईत होती.

"शाळा सरकारची, गुरुजी सरकारनं द्यायचा," ते पारावर म्हणायचे. "आपन पट्टी भरत ऱ्हायलो तर सरकार कशाला देतंय? आन् ज्याच्या घरात पोरच न्हाय शाळंत, त्यानं का भरायची?"

शाळापट्टीचा खर्च शाळेची समिती बघायची आणि समितीची मुदत संपली होती. आमच्या गावात या समितीसाठी कधी मतदान झालं नव्हतं. देवळात बसून चार नावं ठरायची, नारळ फुटायचा आणि बिनविरोध म्हणून वर कळवलं जायचं. या खेपेला तात्यांनी आपले लोक उभे केले. ते निवडून आले की पट्टी बंद, आणि पट्टी बंद म्हणजे बाई बंद. मामा आपले लोक घेऊन उभे राहिले ते बाई राहावी म्हणून. हे सगळ्या गावाला माहीत होतं, त्यामुळे मी रस्त्यानं निघाले की बायका बोलता बोलता थांबायच्या. मला त्यांचा राग यायचा नाही, फक्त घर फार लांब वाटायचं.

त्या सकाळी मी मामांना म्हटलं, "मामा, शाळेच्या निवडणुकीत देवाला कशाला ओढायचं?"

"म्या न्हाय वढला. तात्यानं परवा फिरिवलाय भंडारा. आन् कुटं फिरिवला? त्याच्या लोकांच्या दारात न्हाय, आपल्या लोकांच्या. येक दार सोडलं न्हाय."

"मग आपल्या लोकांनी त्यांचा भंडारा उचललाय. आता आपला कसा उचलतील?"

"आपला नंतरचा," मामा म्हणाले. "देव नंतरचा धरतोय."

हे कुठल्या शास्त्रात लिहिलंय ते मला माहीत नाही, बिरोबालाही माहीत नसावं. पण मामांचा चेहरा असा होता की त्यावर बोलायची सोय नव्हती. ते वाटी घेऊन आपल्या लोकांच्या दारोदार निघाले. आमच्या भागात स्टँपपेपरवरचा शब्द मोडतात, पोलिसांपुढचा मोडतात, पण भंडारा मुठीत घेऊन दिलेला शब्द मोडत नाहीत. मोडला तर गोठ्यातली जनावरं जातात, परगावी असलेल्या लेकराला काहीतरी होतं, असं लहानपणापासून ऐकलेलं असतं. आणि कुणी भंडारा पुढे केला तर नाही म्हणता येत नाही, कारण ते त्या माणसाला नाही म्हटल्यासारखं होत नाही, देवाला म्हटल्यासारखं होतं.

मतदानाच्या आदल्या दिवशी शेजारची शालन शाळा सुटताना फाटकाशी थांबली होती. तिची धाकटी माझ्याच वर्गात होती.

"बाई, तुमी शिकल्याल्या हायसा. येक इचारू?"

"विचार की."

"दोघांचा बी उचलला असंल तर कुनाचा धरायचा ओ? आधीचा का मागचा?"

मी म्हटलं, "शालन, साहेबांनी सांगितलंय, चिठ्ठी टाकायची आहे. हात वर करायचा नाही. कुणालाही दिसणार नाही."

"तुमच्या सायबाला दिसायची न्हाय," ती म्हणाली. "बिरोबाला?"

मी म्हटलं, तुझ्या मनाला पटेल ते कर. ती म्हणाली, मनाला काय, मनाला तर पोरीची बाई ऱ्हावी आसंच पटतंय. मग पोरीचं बोट धरून गेली.

मतदान शनिवारी सकाळी होतं. हात वर करून मतं घेतली तर डोकी फुटतील म्हणून केंद्रप्रमुख साहेबांनी चिठ्ठ्यांचं ठरवलं होतं. दर पोरामागं घरातल्या एकाचं मत. मी मानधन घेत होते म्हणून साहेबांनी मला मतदानातून वगळलं. आमच्या घरात दोन मतं होती. दीर आणि जाऊ ऊसतोडीला गेलेले, त्यांच्या मुलाचं मत मामांच्या नावावर. माझा नवरा पुण्याला कंपनीत, आमच्या लेकीचं, राणीचं, मत आत्तींच्या नावावर.

तिसरीच्या वर्गात सतरंज्या अंथरल्या होत्या. टेबलावर पोषण आहाराचा तेलाचा रिकामा डबा ठेवला होता, वरून चीर पाडलेला. तात्यांची माणसं वेळेच्या आधीच येऊन बसली होती, आंघोळी करून, टोप्या घालून. आमच्या बाजूनं मामा, समितीसाठी उभे असलेले तिघं आणि चार-दोन घरं. मी चौथीच्या वर्गात पोरांना घेऊन बसले होते, पण मधल्या दारातून सगळं दिसत होतं.

"येत्यात," मामा साहेबांना म्हणाले. "शेताचं लोक हाईत, उशीर हुतोय."

साहेबांनी मान हलवली. त्यांना दुपारची एस.टी. गाठायची होती.

थोड्या वेळानं मामा उठून फाटकाशी गेले. मग रस्त्यावर गेले. मग दिसेनासे झाले. परत आले तेव्हा त्यांच्या टोपीखालून घाम ओघळत होता.

"शालनच्या दाराला कुलूप," ते माझ्या खिडकीशी येऊन हळूच म्हणाले. "गुंडाचं घर बंद. पांडूची बायकू म्हनं माहेरी गेली. आज? सनासुदीचं काय न्हाय, आज माहेरी?"

"आत्ती?" मी विचारलं.

"घरात न्हाय."

मला तेव्हाच उमगायला हवं होतं, पण माणूस आपल्या माणसाच्या बाबतीत शेवटी शहाणं होतं. मी म्हटलं, येतील, शेरडांना पाणी पाजायला गेल्या असतील.

सभेला निम्मे पालक लागतात. तेवढे जेमतेम भरले तेव्हा साहेबांनी मतदान सुरू केलं. माणसं एकेक करून उठली, चिठ्ठी टाकली, परत येऊन बसली. कुणी भांडलं नाही, कुणी ओरडलं नाही. इतकी शांत निवडणूक मी पाहिली नव्हती. मोजणीला चहा प्यायला लागतो तेवढाच वेळ लागला. आम्ही तीन मतांनी हरलो.

मामांनी आकडा ऐकला, टोपी काढली, झटकली आणि परत घातली. बाहेर पडताना व्हरांड्यात तात्या त्यांच्यापाशी आले. मी पोरांची रांग लावत होते, त्यामुळे मला सगळं ऐकू आलं.

"मायाप्पा, वाईट वाटून घिऊ नगं," तात्या म्हणाले. त्यांच्या आवाजात जिंकल्याचा आनंद नव्हता, तेही दमलेलेच दिसत होते. "तुजी मानसं मला मत द्यायची न्हाईत, हे मला ठावं हुतं."

"मग भंडारा कशापायी फिरिवलास?"

"तुज्यापायी. म्या फिरिवला म्हंजी तू फिरिवनार. गप बसायचा सोभाव न्हाय तुजा. तू फिरिवला, आन् मानसं अडाकली. हिकडं टाकलं तर माजा मोडतोय, तिकडं टाकलं तर तुजा. बसली मग घरात. माजी मानसं मोकळीच हुती."

तात्यांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. मामांनी तो झटकला नाही, आणि मला सगळ्यात वाईट त्याचंच वाटलं.

आत्ती शेरडं घेऊन दिवस कलताना आल्या. मामा ओट्यावर बसून होते. दुपारचं जेवण तसंच झाकून ठेवलेलं होतं.

"कुटं हुतीस?"

"माळावर."

"आज?"

"शेरडांना काय कळतंय आज का उद्या?" आत्तींनी शेरडं बांधली. दावं दोनदा सुटलं, त्यांनी ते परत बांधलं. मग मामांकडे पाठ करूनच म्हणाल्या, "हिराक्कानं हिरीवर भंडारा पुढं केला. तात्याची बायकू ती, पर हातात देव हुता. उचलला म्या. मग दोन दिसांनी तुमी घरात आनला."

"आन् मला सांगितलं न्हाईस?"

"तुमी इचारलं कुटं? उचल म्हनला, उचलला." आत्ती वळल्या. "येक ल्योक कंपनीत, येक उसात. रोज रस्त्यानं जात्यात-येत्यात. कुनाचा मोडू म्या?"

मामांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही. मला आत्तींचा राग यायला हवा होता, आला नाही. मामांचाही आला नाही. एवढंच वाटत होतं की या दोघांनी आता जेवून घ्यावं म्हणजे मला भांडी घासता येतील. मी ताटं केली. कुणी पोटभर जेवलं नाही.

रविवारी सकाळी तात्या घरी आले. बरोबर नव्या समितीतले दोघं होते. मामांनी घोंगडं अंथरलं. कितीही झालं तरी दारात आलेल्याला बस म्हणावंच लागतं. मी चहा ठेवला.

चहाचे कप हातात आल्यावर तात्या म्हणाले, "सूनबाई, उद्या येताय न्हवं शाळंला?"

मला वाटलं मी काहीतरी चुकीचं ऐकलं. "शाळेला?"

"मग? पोरं वाट बघत्यात. माजी नात रातभर इचारत हुती, बाई येनार का, बाई येनार का."

"पण तात्या, तुम्ही तर पट्टी बंद केली."

"पट्टी बंद केली. बाई बंद करा आसं कोन म्हनलं?" तात्यांना खरंच आश्चर्य वाटलं होतं. बरोबरच्या दोघांनीही माना डोलावल्या. "गावाची सून तुमी. शिकल्याल्या. इद्यादान हाय हे. गाव काय इसरतंय व्हय? दिवाळीला लुगडं-चोळी करू, पंधरा आगस्टला नारळ दिऊ."

मी त्या तिघांच्या तोंडाकडे बघत राहिले. ते माझी थट्टा करत नव्हते. मी शाळेत नको असं त्या गावात कुणालाच वाटत नव्हतं. तात्यांच्या माणसांनाही नाही. सगळ्यांनी धरूनच चाललं होतं की मी येणार, जसा पिंपळ सावली देणार तसं. भांडण झालं ते मला पैसे द्यायचे का नाहीत एवढ्याचंच झालं, आणि मी मात्र आठवडाभर जीव मुठीत धरून बसले होते की मला काढतात की ठेवतात.

मी मामांकडे बघितलं. मला खात्री होती. भावकीपुढे माझ्या शिक्षणासाठी उभा राहिलेला माणूस होता तो, माझ्यासाठी देवाची वाटी घेऊन दारोदार फिरला होता.

मामा घोंगड्याच्या दशा बोटानं पिळत होते. मग म्हणाले, "जाईल ती."

"मामा…"

"जाईल," ते माझ्याकडे न बघता तात्यांना म्हणाले. "मायाप्पाची सून पैशासाठी शिकवत हुती आसं कुनी म्हनू न्हाय. इलेक्शान हरलो, आब न्हाय हरलो. उद्यापास्नं येतीया ती."

तात्यांचा चेहरा खुलला. "बगा, म्हनलं न्हवतं का," ते बरोबरच्यांना म्हणाले.

मला रडू आलं. मामांनी चारचौघांत दिलेला शब्द मोडायची त्या घरात माझी काय, कुणाचीच छाती नव्हती. मी कप गोळा करायला वाकले, कारण दुसरं काही सुचलं नाही.

तेवढ्यात आत्ती बाहेर आल्या. पुरुष माणसं ओट्यावर बसलेली असताना त्या कधी उंबऱ्याबाहेर येत नसत. माझ्या लग्नाच्या बैठकीतही आल्या नव्हत्या. त्यांनी माझ्या हातातले कप काढून घेतले आणि खाली ठेवले.

"ती जानार न्हाय," त्या म्हणाल्या.

मामांनी मान वर केली. "तुला काय कळतंय त्यातलं? आत जा."

"येवढं कळतंय." आत्तींचा आवाज चढलेला नव्हता. शेरडांना हाक मारताना असतो तेवढाच होता. "ह्या घरात फुकाट राबनारी येक हाय. ती बास झाली."

तात्यांनी उरलेला चहा पिऊन टाकला, वहाणा घातल्या आणि "बरं मग" असं काहीतरी म्हणून निघाले. मामा घोंगड्यावर बसून राहिले. मी इतकी वर्षं त्या घरात काढली, चारचौघांत मामांच्या तोंडावर आत्ती असं बोललेलं मी आधी ऐकलं नव्हतं आणि पुढेही ऐकलं नाही.

सोमवारी सकाळी शाळेची घंटा झाली तेव्हा मी अंगणात बसून ज्वारी निवडत होते. पोरं आमच्या दारावरून जाताना थांबत होती, आत बघत होती, आणि मी मान खाली घालून खडे काढत होते. तात्यांची नात सगळ्यात शेवटी गेली.

आत्ती माझ्यासमोर येऊन बसल्या. त्यांनी माझ्या मांडीवरचं सूप स्वतःकडे ओढलं.

"दहाची यस्टी हाय तालुक्याला," त्या म्हणाल्या. "तितल्या शाळांत जाऊन इचार. पगार किती देतासा, ते आधी इचार."

"आणि राणी?"

"मी हाय की," त्या म्हणाल्या. मग सूप पाखडता पाखडता थांबल्या आणि हसल्या, फार थोडं. "माजा काय, फुकाटचाच हात हाय. जा तू."